सातव्या गड्याची जागा

बत्तीस पानांच्या पुस्तकात एका कुटुंबाला किती जागा लागते, याचा अंदाज दिपिकाला लिहिताना आला नव्हता. तो त्या रविवारी दुपारी आला. पेणजवळच्या गडबच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर छपाईआधीची पाने पसरली गेली आणि प्रत्येक नातेवाइकाने सर्वांत आधी त्यांत स्वतःचे चित्र शोधले.

पुस्तकाचे नाव ‘अखेरची चढाई’. पुण्याच्या एका प्रकाशनाच्या ‘जिंकणाऱ्यांच्या गोष्टी’ या बालमालेतले ते सहावे पुस्तक. आधीची पाच दिपिकाने मन लावून वाचली होती. त्यांतून खेळाडूंविषयी फारसे कळले नाही, मालेविषयी मात्र सगळे कळले. पान तीनवर गरिबी, पान आठवर हार, पान नऊवर निर्धार, पान अठ्ठावीसवर विजय आणि शेवटच्या पानावर वाचकाला उद्देशून ‘तुम्हीही हे करू शकता’. नायक पैलवान असो वा धावपटू, पान आठवर तो हरायचाच. मध्ये कुठेतरी त्याने एकदा रडणे अपेक्षित होते. दोनदा रडलेले संपादकांना चालत नसे.

या सहाव्या पुस्तकाचा नायक म्हणजे दिपिकाचे वडील, हिरामण. एके काळचे कबड्डीपटू, पुढे मिठागराचे मुकादम आणि आता एकाहत्तराव्या वर्षी दोन्ही गुडघ्यांचे कैदी. संपादकांना त्यांचा चेहरा फोटोत फार गंभीर वाटला होता, म्हणून चित्रकर्तीने त्यांना पानोपानी हसवले होते. मिठागराचा बांध फुटून वर्षाचे मीठ खाडीत गेले, त्या पानावरही ते हसत होते.

आता एवढेच उरले होते की, सोबतच्या संमतिपत्रावर नायकाने सही करायची. ‘या पुस्तकातील मजकूर मी वाचला असून तो खरा आहे,’ असे त्यात एक वाक्य होते. पत्र सोमवारी पुण्याला पोचायचे होते आणि गेले आठ दिवस ते टीव्हीच्या रिमोटखाली पडून होते. घरात रिमोट दिवसातून वीस वेळा उचलला जाई. पत्र कोणी उचलले नव्हते.

“करतो गो, करतो,” एवढेच हिरामण म्हणत.

दिपिकाचा भाऊ प्रविण याला मात्र या आठ दिवसांची फार चिंता लागली होती. गावच्या मैदानाच्या कमानीला वडिलांचे नाव देण्याचा ठराव त्याने ग्रामपंचायतीत महत्प्रयासाने मंजूर करून आणला होता. सव्वीस जानेवारीला कमानीचे उद्घाटन आणि त्याच मांडवात पुस्तकाचे प्रकाशन, असा बेत होता. फ्लेक्सही तयार होता. फ्लेक्सवर वडिलांचे चित्र होते, आणि त्याच्या दुप्पट आकाराचे, हात जोडलेले, प्रविणचे स्वतःचे. निवडणूक जवळ आली की आपल्याकडे वडिलांविषयीचा आदर असा एकदम उफाळून येतो.

आजची बैठकही त्यानेच ठरवली होती. संध्याकाळी अंगणात मडक्याची पोपटी लावायची, म्हणजे विस्तवावर भाजलेल्या वालाच्या शेंगा खायला सगळे येतात, आणि शेंगा शिजेपर्यंत पुस्तक मोठ्याने वाचून सर्वांची संमती घ्यायची. भांबुर्डीचा पाला सकाळीच आणून ठेवला होता. मडके धुऊन उपडे घातले होते. संमतीची तयारी मात्र कोणी केली नव्हती.

चंद्रावतीबाईंनी पान सहा हातात धरून बराच वेळ पाहिले. त्या पानावर एक अनवाणी तरुणी डोक्यावर हंडा घेऊन, मैदानाच्या कडेला उभी राहून, डोळे मिटून प्रार्थना करीत होती.

“ही कोन?”

“आई, तू.”

“मी काय करते हाय ही?”

“बाबांसाठी देवाची प्रार्थना.”

“हंडा घेऊन?” त्यांनी चित्र जरा लांब धरले. “आमच्या माहेरी दारात नळ होता गो. अन् मॅच झाली अठ्ठ्याहत्तर साली, लगीन झालं ऐंशी साली. मी ह्यांना वळखत पन नव्हते. कोनासाठी देवाला सांगत होते?”

प्रत्येक पुस्तकात प्रार्थना करणारी एक बाई लागते, हे दिपिकाने आईला समजावून सांगितले. हिरामणच्या स्वतःच्या आईला कबड्डीचा तिटकारा होता. फाटलेल्या चड्ड्या तिलाच शिवाव्या लागत. तिला प्रार्थनेला उभे करणे दिपिकाला फारच खोटे वाटले होते. चंद्रावतीबाईंनी पान खाली ठेवले. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या त्या एका चढाईबद्दल त्यांनी त्याला एकही प्रश्न विचारलेला नव्हता. लोकांना ती नम्रता वाटे. त्या गवारीच्या शेंगा मोडायला बसल्या आणि त्यांनी नवऱ्याकडे एकदा पाहून घेतले.

हिरामण पडवीत खुर्चीवर होते. त्यांच्या शेजारी नात प्रतिक्षा, प्रविणची दहा वर्षांची मुलगी, शाळेच्या संघातली डावी कोपरारक्षक, आजोबांच्या गुडघ्याला टेकून पुस्तकाची दुसरी प्रत वाचत होती. ती वाचत होती ते खरोखर, आणि हा धोका त्या घरात अजून कोणाच्या लक्षात आला नव्हता.

कमळाकर रोह्याहून निघाला तो दहा वाजता आणि पोचला दोन वाजता. वाटेतल्या महामार्गाचे काम त्याच्या तरुणपणी सुरू झाले होते असे तो म्हणे, आणि ही अतिशयोक्ती आहे असे त्याला कोणी सांगत नसे. हिरामणचा हा धाकटा भाऊ त्याच संघात कोपरा सांभाळीत असे. पुढे कंपनीत नोकरी लागली म्हणून रोह्याला गेला, तिथलीच मुलगी केली, तिथेच घर बांधले. ज्या रोह्याला हरवून आपण मोठे झालो त्या रोह्यातच आयुष्य काढायचे, ही गोष्ट त्याने चाळीस वर्षे खेळाडूवृत्तीने सोसली होती. त्याच्या सासुरवाडीत त्या सामन्याचा विषय निघाला की सगळे एकदम हवामानाविषयी बोलू लागत.

त्याने चष्मा लावला. बत्तीस पाने उलटली. मग परत पहिल्यापासून उलटली.

“मी पान बारावर हाय,” तो म्हणाला. “पाठमोरा.”

“काका, ते चित्र...”

“नाय, बरोबर हाय. माझी पाठ बरी होती तेव्हा.” चष्मा काढून त्याने तो पुसला. “दिपिका, तू मास्तरीण. मुलांना खरं शिकवायचं तुझं काम. दादाला पकडला, दादा बाद होऊन भायर बसला. आत आम्ही दोघंच उरलो. लोन चढायची, सगळा संघ बाद व्हायची वेळ. तेव्हा त्यांचा तो उंच चढाईपटू माझ्या कोपऱ्यावर आला, त्याचा घोटा मी असा धरला की पंच म्हनले, सोड आता, शिट्टी झाली. हे कुठं हाय यात?”

ते कुठेच नव्हते. पुस्तकात हिरामण कधी बाद झालेच नव्हते. मालेच्या नियमानुसार पान आठनंतर नायक हरू शकत नसे.

यावर प्रविण म्हणाला की पुस्तक बाबांचे आहे, काकांचे नाही. कमळाकर म्हणाला, बरोबर, कमानही बाबांचीच आहे, फ्लेक्स तेवढा मुलाचा आहे. मग अर्धा तास जे बोलणे झाले त्यात कबड्डी फारच थोडी होती. गडबच्या जमिनीचा मोबदला कोणी कसा घेतला, आजीच्या तेराव्याला रोह्याच्या मंडळींना शेवटच्या पंगतीला कोणी बसवले, आणि पेणच्या दवाखान्यात कोण किती दिवस उशाशी बसले, हे सर्व त्यात आले. दिपिका हातात लाल पेन धरून मध्ये बसली होती. तिला वाटले, या घरातली माणसे एकमेकांना अशीच धरतात: घोट्याला, आणि शिट्टी झाली तरी सोडत नाहीत.

अखेर तिनेच तोड काढली. पान तेरावर अर्धे पान जागा होती. तिथे तिने लाल अक्षरांत भर घातली: ‘इतक्यात हिरामणची पकड झाली आणि तो बाद झाला. आत दोनच गडी उरले. तेव्हा धाकट्या कमळाकरने प्रतिस्पर्ध्याचा घोटा पकडून संघाची लाज राखली.’ कमळाकरने ते दोनदा वाचले. ‘धाकट्या’ हा शब्द काढून टाकायला सांगितले. मग तो शांत झाला आणि त्याने पोपटीसाठी रोह्याहून आणलेली अंडी पिशवीतून बाहेर काढली. प्रविणलाही हायसे वाटले. बऱ्याच वर्षांनी पेण आणि रोहा यांच्यात तह झाला होता, आणि तो सात ओळींत मावला होता.

पाच वाजता ज्युडिथबाई रिक्षातून उतरल्या. पेणच्या पोस्टात तीस वर्षे खिडकीमागे बसून त्यांनी माणसांना सुट्टे पैसे आणि शहाणपण दोन्ही दिले होते, दुसरे न मागता. आजूबाजूच्या गावांतली त्यांची बेने इस्रायली माणसे एकेक करून इस्रायलला निघून गेली, त्या राहिल्या. कोणी विचारलेच तर म्हणत, मागे कोणीतरी कुलूप लावायला नको का. हिरामणच्या लहानपणी त्यांचे घर गावच्या टोकाला होते. वडील रूबेन तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी तो बंद ठेवीत. ज्युडिथचा थोरला भाऊ निसीम हा हिरामणचा जिवाचा मित्र.

संघाचा एकमेव जुना फोटो त्यांच्याकडे होता. तो त्यांनी दिपिकाला दिला तो एका अटीवर: पुस्तक छापण्याआधी मला वाचून दाखवायचे. दिपिकाला ही अट प्रेमाची वाटली होती. निसीम दोन वर्षांपूर्वी तिकडे इस्रायलमध्ये, अश्दोदला वारला. त्याची नात शीरा हिने तिकडून निरोप पाठवला होता की आजोबांच्या गावाकडचे पुस्तक निघते आहे तर एक प्रत मला हवी.

“ये, बस,” हिरामण म्हणाले. खुर्चीतून उठायचा त्यांनी प्रयत्न केला.

“बस तू. गुडघ्यांना आराम दे, त्यांनी जिल्हा जिंकलाय,” ज्युडिथबाई म्हणाल्या. चंद्रावतीबाईंच्या हातात त्यांनी खोबऱ्याच्या वड्यांचा डबा ठेवला आणि पहिले पान मागितले.

पुस्तकात तो फोटो एकतिसाव्या पानावर होता. चिखलाने माखलेले सहा तरुण ढाल धरून उभे, आणि त्यांच्या मागे सातवा, स्वच्छ कपड्यांतला. खाली छापले होते: ‘मागे उभा, राखीव गडी.’

ज्युडिथबाईंनी त्या ओळीवर बोट ठेवले. “राखीव,” त्या म्हणाल्या. “छान शब्द आहे. रेल्वेत असतो.”

पडवीतून हिरामणना ते ऐकू गेले.

सत्तेचाळीस वर्षांपूर्वीचा तो जानेवारी. जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते. धरमतरच्या धक्क्याजवळ, खाडीच्या बांधाला लागून केलेले मैदान. अंतिम सामना शनिवारी तिन्हीसांजेला आला, आणि संघातला सर्वांत चांगला चढाईपटू शनिवारी खेळत नसे. आकाशात तीन चांदण्या दिसल्या की शनिवार संपतो, असे त्यांच्यात होते. सामना पुढे ढकलायला कोणी तयार नव्हते. तेव्हा हिरामणनी पंचांना जाऊन सांगितले की आम्ही सहाच उतरतो, सातवा मागून येईल. सातव्या जागी दुसरा कोणी घेतला नाही. ती जागा त्यांनी मैदानावर रिकामी ठेवली, ताटावर पान झाकून ठेवावे तशी, आणि निसीम सामनाभर बांधावर बसून त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिला. त्या वयात माणसे मित्रासाठी असले काहीतरी अतिशय मूर्ख आणि अतिशय सुंदर करतात. पुढे त्यांची कमान होते.

हिरामण हे सर्व रोज आठवत नसत. संध्याकाळी खाडीवरून वारा सुटला की आठवे, आणि गडबला तो रोज सुटतो.

पान तेरापर्यंत वाचन सुरळीत झाले. दिपिका वाचत होती, कमळाकर स्वतःच्या ओळींना मान डोलावीत होता, अंगणात प्रविण मडक्यात शेंगा आणि पाला यांचे थर लावीत होता. मग पान चौदा आले: ‘आता सारी मदार हिरामणवर होती. शेवटची तीन मिनिटे. एक गुणाची पिछाडी. कबड्डी, कबड्डी म्हणत हिरामण निघाला...’

“आत्या, थांब,” प्रतिक्षा म्हणाली.

दिपिका थांबली.

“आबा तर बाद हायेत.”

“कुठं?”

“तेरावर. काकाआजोबांनी आत्ताच केलं ना बाद. मग आमचा एक गडी आत घ्यायचा तर समोरचा एक मारायला पायजे. काकाआजोबांनी घोटा धरून एक मारला, म्हनजे एकच आत येणार. पन चित्रात तर आबा बांधाजवळ बसलेत अन् दुसराच कोनी आत येतो हाय, हे बघ, तुझी चित्रवाली बाई पन तसंच काढते. मग चढाई कोनी केली?”

जुन्या फोटोतला स्वच्छ कपड्यांतला गडी चित्रकर्तीने मागून आत येताना दाखवला होता आणि बाकीचे स्वतःच्या डोक्याने काढले होते. तिला नियम ठाऊक नव्हते. नातीला सगळे ठाऊक होते. कमळाकरने चष्मा काढला. आपण मागून घेतलेल्या सात ओळींनी काय केले आहे, हे त्याच्या ध्यानात आले तेव्हा त्याचा चेहरा शिट्टी झाल्यानंतरच्या त्या उंच चढाईपटूसारखा झाला.

“ते काढून टाक,” तो घाईने म्हणाला. “माझ्या ओळी. जागा कमी हाय. नकोत.”

“का काका? मघाशी तर...”

“नकोत म्हनलं ना. दादा बाद झालाच नव्हता. माझं वय झालं, मना काय आठवतंय.”

प्रविणला कारण कळले नाही, पण कमान कळली. हात धुऊन तो आत आला आणि काकांच्या शेजारी उभा राहिला. काका बरोबर बोलतात, तो म्हणाला, आधीचेच बरे होते. मुलांच्या पुस्तकात एवढे बारकावे नकोत. तो काकांना खुर्ची देऊ लागला. कमळाकर त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. वीस वर्षे जे जमिनीने, लग्नांनी आणि आजारपणांनी साधले नव्हते ते एका खोट्याने अर्ध्या मिनिटात साधले. चंद्रावतीबाईंनी हा कौटुंबिक जिव्हाळा दारातून पाहिला आणि त्यांना तो फोटो काढून ठेवण्यासारखा वाटला.

दिपिकाने वडिलांकडे पाहिले. दोन वर्षे ती त्यांना प्रश्न विचारीत होती: जोर कसा काढायचात, दम कसा टिकवायचात. चढाईविषयी त्यांनी तिला कधीच काही सांगितले नव्हते. जे लिहिले ते जुन्या वर्तमानपत्रातल्या बातमीवरून. ती याला नम्रता समजली होती. आपण एका गप्प माणसाची गोष्ट लिहिली आणि त्याच्या गप्प बसण्याचाच अर्थ चुकवला, हे तिला आत्ता कळत होते. हातातले लाल पेन तिला जड झाले.

“बाबा,” ती म्हणाली, “चढाई कुणी केली?”

हिरामणनी टीव्हीकडे हात केला. प्रतिक्षाने रिमोट बाजूला सारून पत्र आणून दिले. त्यांनी ते उलगडले, वाचले, पुन्हा घडी घातली.

“निसीमनं,” ते म्हणाले.

मग प्रविण बोलला, आणि बरेच बोलला. ठराव मंजूर आहे. आमदारांची वेळ घेतली आहे. सत्तेचाळीस वर्षांनी याचा कोणाला उपयोग? निसीमकाका तर आता नाहीत. कमळाकरने त्याला दुजोरा दिला: निसीमनेच सांगितले होते तसे. सामना शनिवारी होता, आणि तीन चांदण्या दिसल्यावर निसीम आत आला तरी रूबेनबाबांना कळले असते तर त्यांनी त्याला घरात घेतले नसते, म्हणून सहाही जणांनी शपथ घेतली की चढाई हिरामणची. यात खोटे ते काय? तो शब्द होता.

“रूबेनबाबा असंपर्यंतचा शब्द होता,” हिरामण म्हणाले. “ते ऐंशी साली गेले. एक्याऐंशीला निसीम निघाला. पेणच्या स्टँडवर मी त्याला सोडायला गेलो. गाडी अर्धा तास उशिरा होती. अर्धा तास मना होता, कमळ्या. मी त्याला सांगितलं, पोचल्यावर पत्र टाक.”

“पण बाबा, कळलं असतं तर घरात का घेतलं नसतं?” दिपिकाने विचारले. “तीन चांदण्या झाल्यावरच आत आले ना ते?”

याच प्रश्नाची हिरामण सत्तेचाळीस वर्षे वाट पाहत होते आणि तो कोणी विचारू नये म्हणून कमान, ढाल आणि बातमीचे कात्रण यांच्याआड बसत होते. त्यांनी ज्युडिथबाईंकडे पाहिले नाही.

“दोन झाल्या होत्या. मी बाद होऊन भायर बसलो होतो, मना आभाळ दिसत होतं. वेळ संपत आली. तो बांधावरून माझ्याकडं बघत होता. मी तीन बोटं वर केली. धक्क्यावर मचवा लागला होता, त्याच्या डोलकाठीवर दिवा होता. तो मी धरला तिसरा.” त्यांनी पत्राची घडी आणखी लहान केली. “तो आला. दोन गडी मारले अन् परत आला, दम न तोडता. जिंकलो. मग ढाल घेताना त्यानं वर बघितलं, अन् माझ्याकडं बघितलं. काय बोलला नाय. मी त्याचा शनिवार मोडला, ज्युडिथ. अन् त्याची चढाईबी ठेवून घेतली.”

पोपटीच्या मडक्याभोवती प्रविणने पेटवलेल्या काटक्या तडतडत होत्या. खोटे बोललेला नायक कोणत्या पानावर बसवायचा, याची तरतूद मालेत नव्हती.

ज्युडिथबाईंनी चष्मा नाकावर सरकवला.

“हिरामण,” त्या म्हणाल्या, “चांदणी हलते का रे?”

“काय?”

“भरतीच्या पाण्यावर मचवा हलतो. डोलकाठी हलते. दिवा हलतो. चांदणी हलते का? माझा भाऊ खाडीवर जन्मला. अंधारात दिवा बघून तो सांगायचा, मचवा कुणाचा आणि त्यात मीठ आहे का कौलं. त्याला तू डोलकाठीवरचा दिवा चांदणी म्हणून विकलास, आणि सत्तेचाळीस वर्षं तुला वाटतंय की त्यानं तो घेतला.”

हिरामण त्यांच्याकडे पाहत राहिले.

“त्याच रात्री त्यानं मला सांगितलं. म्हणाला, हिरामणनं तीन बोटं दाखवली तेव्हा मला हसू आलं. दिवा मी कधीचा बघत होतो. मला खेळायचं होतं, ज्युडिथ. पहिल्या शिट्टीपासून ती रिकामी जागा बघून जीव जात होता. कुणीतरी तीन म्हणायची खोटी होती.” त्यांनी डब्यातली एक वडी उचलली आणि प्रतिक्षाच्या हातावर ठेवली. “शनिवार त्यानं स्वतः मोडला. तेवढं तरी त्याचं त्याला राहू दे. सगळंच तू घेतोस.”

“मग स्टँडवर तो का बोलला नाय?”

“तुझी वाट बघत होता. तू त्याची बघत होतास. एस.टी. दोघांची वाट बघत थांबत नाही.” त्यांचा आवाज किंचित खाली आला. “तिकडे नातवंडांना त्यानं काय सांगितलं ठाऊक आहे? माझा एक मित्र होता, त्यानं असा सामना जिंकला. तुझी चढाई, तुझ्या नावानं, हातवारे करून. शीराला आजही तेच माहीत आहे. माझ्या भावानं शब्द पाळला, बाबा गेल्यावरही. म्हणून मला पुस्तक आधी वाचायचं होतं. म्हटलं, दोन म्हातारे दोन देशांत बसून एकमेकांना जिंकवतायत. निदान एकाला तरी छापण्याआधी विचारावं.”

“मना ठाव होतं,” चंद्रावतीबाई गवारीचे ताट बाजूला ठेवून म्हणाल्या. “चढाईचं. दिव्याचं नाय. निसीमभाऊ जायच्या आधी जेवायला आले, दोघं तासभर ओटीवर बसले अन् एक शब्द बोलले नाय. मी दुसऱ्या दिवशी ज्युडिथताईंना विचारलं. मंग म्हनलं, सांगतील कधीतरी. आमच्याकडं घाई कुनाला हाय.”

प्रविणने शेवटचा प्रयत्न म्हणून विचारले की पुस्तकात नाही तर नाही, पण कमानीला तरी बाबांचे नाव ठेवायला काय हरकत आहे. मागे घेतलेल्या आपल्या सात ओळी आता परत घालता येतील, हे नुकतेच उमगलेल्या कमळाकरने त्याच्या खांद्यावरचा आपला हात अलगद उतरवला. “प्रविण,” तो गंभीरपणे म्हणाला, “खरं ते खरं. दादा बाद होता.” अशा रीतीने तह मोडला आणि घर पूर्ववत झाले.

हिरामणनी संमतिपत्र प्रतिक्षाकडे दिले, सही न करता. दिपिकाला ते म्हणाले की चौदावर माझं नाव काढ आणि त्याचं घाल. दिव्याचंही लिही, आणि तो त्याला दिसला होता हेही. मग सही करतो. पुण्याची माणसं नको म्हणाली तर नको. एक प्रत हातानं लिहून शीराला पाठव.

दिपिकाने पान चौदा समोर ओढले. नको म्हणण्याची शक्यता बरीच होती. अखेरच्या चढाईच्या वेळी नायक मैदानाबाहेर बसलेला असतो आणि खोटी बोटे दाखवतो, असे पुस्तक त्या मालेत अजून निघाले नव्हते. त्यातून मुलांनी काय शिकायचे, असे संपादक विचारणार होते. तिने ‘हिरामण’ या शब्दावर रेघ मारली. एकूण अकरा ठिकाणी मारावी लागली. एकतिसाव्या पानावरचा ‘राखीव’ तिने शेवटी खोडला.

अंगणातून शेंगांचा आणि भांबुर्डीच्या पाल्याचा वास येऊ लागला होता. ऊन उतरले होते. चित्रकर्तीने पान चौदाच्या आकाशात पेन्सिलीने हौसेने चांदण्या विखरून टाकल्या होत्या, वीस-पंचवीस तरी. त्यांच्याखाली कोणाचाही कुठलाही शनिवार सहज संपला असता. प्रतिक्षा खोडरबर घेऊन टेबलाशी आली.

“आबा, किती ठेवू?”

“दोन,” ज्युडिथबाई म्हणाल्या.

“अन् एक दिवा,” हिरामण म्हणाले.

प्रतिक्षाने बाकीच्या खोडल्या. मग जीभ दातांत धरून तिने खाली, खाडीच्या रेषेवर, एक डोलकाठी काढली, तिच्या टोकाला दिवा काढला, आणि तो हलतो आहे हे कळावे म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना दोन छोट्या रेघा ओढल्या.